तोंड उघडण्याची साधने: लाकडी पट्ट्या, हाइस्टर की थेराबाईट?

बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपासच्या सर्जिकल दुकानात "तोंड उघडायचं काहीतरी द्या" म्हटलं, तर काउंटरवर दोन-तीन वेगवेगळ्या वस्तू येऊ शकतात, आणि त्यातली एक घरी न्यायचीच नसते. कात्रीसारख्या दोन मुठी आणि दातेरी पट्टी असलेला स्टीलचा माउथ गॅग हा ऑपरेशन थिएटरचा माल आहे. पेशंट बेशुद्ध असताना डॉक्टरांनी तोंड उघडं ठेवायला तो वापरायचा. एका दाबात तो किती उघडेल याचा अंदाज घरच्या माणसाला येत नाही, आणि दातेरी पट्टी अडकली की चटकन सुटतही नाही. त्यामुळे चिठ्ठीवर साधनाचं नाव लिहून घ्या आणि तेच मागा.

हे परीक्षण तोंडाच्या, गालाच्या किंवा टॉन्सिलच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन संपून घरी आलेल्यांसाठी आहे. निपाणी-चिकोडीचा तंबाखू, गल्लोगल्लीचा गुटखा आणि जेवणानंतरची सुपारी यामुळे आपल्याकडे गालफडाचे पेशंट पुष्कळ. त्यातल्या बऱ्याच जणांचं तोंड सुपारीमुळे आजाराआधीच आवळत आलेलं असतं. त्यात चावायचे स्नायू रेडिएशनच्या टप्प्यात येतात, शिवाय ऑपरेशनचा व्रण. उपचार संपले म्हणून स्नायू ताठ होणं थांबत नाही. उलट पहिल्या वर्षात ते सगळ्यात वेगाने होतं, आणि नेमकं त्याच वर्षात "आता सगळं झालं" म्हणून व्यायाम सुटतो.

निकाल आधीच सांगतो. ज्यांच्या तोंडात दोन बोटं जातात, त्यांना लाकडी पट्ट्या पुरतात. ज्यांच्या तोंडात एकच बोट कसंबसं जातं, त्यांनी हाइस्टर (स्क्रू फिरवून उघडायच्या स्टीलच्या दोन पात्या) घ्यावा, पण आधी डेंटिस्टकडून बसवून आणि शिकून. थेराबाईट, म्हणजे हाताने दाबायचं यंत्र, उत्तम आहे. तरी पट्ट्या रोज न करणारा माणूस थेराबाईटही रोज करणार नाही, हे पैसे मोजण्याआधी लक्षात घ्या.

कुठलंही साधन घेण्याआधी माप. वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये. ३५ किंवा त्याहून कमी असेल तर जबडा आवळला आहे असं धरतात. आपलीच तीन बोटं उभी आत गेली तर बरं, हा ढोबळ अंदाज. मापासाठी शाळेची प्लॅस्टिकची पट्टी चालते, पण तिच्यात शून्याच्या आधी थोडी मोकळी कड असते. ती कापून टाका, नाहीतर दर वेळी चार-पाच मिलिमीटर कमी दिसतील. दात नसतील तर हिरडीपासून हिरडीपर्यंत मोजा. तिथे ३५ चा आकडा लागू नाही, आपल्याच मागच्या मापाशी ताडून पाहायचं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, व्यायामाच्या आधी, आणि आकडा वहीत. उपचार हुबळीला, मिरजेला, कोल्हापूरला किंवा टाटाला झालेले असतात. फोनवर डॉक्टरांना "थोडं कमी झालंय" सांगून काही कळत नाही. "गेल्या महिन्यात २८, आता २३" म्हटलं की लगेच कळतं.

लाकडी पट्ट्या

घसा तपासताना डॉक्टर जिभेवर ठेवतात त्या रुंद पट्ट्या, दुकानात टंग डिप्रेसर म्हणून मागायच्या. शंभरांचा खोका मिळतो आणि सगळ्या साधनांत हेच सर्वांत स्वस्त. स्टेशनरीच्या दुकानातल्या आईस्क्रीमच्या काड्या अरुंद असतात. त्यामुळे सगळा दाब एकाच दातावर येतो आणि चळत तिरपी होते. रंगीत काड्या तर मुळीच नकोत, ओल्या झाल्या की रंग सुटतो. रुंद पट्टी साधारण दीड मिलिमीटरच्या थोडी वर भरते, म्हणजे ३५ मिलिमीटरला बावीसच्या आसपास लागतात. आपल्या खोक्यातल्या दहा पट्ट्या एकावर एक ठेवून मापाच्या पट्टीने मोजा आणि दहाने भागा, म्हणजे आपला हिशोब आपल्याला कळतो.

आरामात जातील तेवढ्या पट्ट्यांची चळत करा. तोंडाबाहेर राहणाऱ्या टोकाला रबरबँड लावा. वरच्या आणि खालच्या पट्टीचे कंगोरे बोटाने चाचपून पाहा. रेडिएशननंतरचा गाल कोरडा आणि पातळ झालेला असतो, लाकडाची एक बारीक कूस त्याला फाडू शकते. टोकाला गॉजची एक घडी गुंडाळली की दातांनाही बरं. बसून, मान सरळ ठेवून चळत दाढांच्या किंवा उपदाढांच्या मध्ये ठेवा. ज्या बाजूचा जबडा काढलाय किंवा प्लेट बसवलीय, त्या बाजूला सर्जनने परवानगी दिल्याशिवाय काही ठेवायचं नाही. मग चळतीच्या मधोमध एक पट्टी हळूच सरकवा. वरून किंवा खालून घातली तर ती हिरडीला घासते. ताण जाणवेल पण डोळ्यांत पाणी येणार नाही, इथे थांबा. तीस सेकंद धरा, नाकाने श्वास घ्या, चळत काढा, थोडं थांबा. असं पाच वेळा, आणि दिवसातून निदान तीन बैठका. जेवणाच्या आधीची बैठक सोडू नका, घास घेताना तिचा उपयोग होतो.

यात बिघडतं ते बहुधा घाईने. एकदम तीन पट्ट्या वाढवल्या की स्नायू आखडतो आणि दुसऱ्या दिवशी तोंड आणखी कमी उघडतं. अर्ध्या तासात ओसरणारी कळ चालेल. दुसऱ्या सकाळपर्यंत ठणकत राहिलं तर मागच्या आकड्यावर या. पट्टी वाढवायची ती साधारण आठवड्याने, रोज नव्हे. दुसरी गोष्ट, ओलं लाकूड फुगतं. मग बावीस पट्ट्या कालच्या बावीस राहत नाहीत आणि माणसाला वाटतं प्रगती झाली. दाताला लागणाऱ्या दोन आणि ओल्या झालेल्या पट्ट्या त्याच दिवशी टाका, बाकीच्या उन्हात सुकवा, सगळी चळत आठवड्याने बदला. पावसाळ्यात खानापूरकडे पट्ट्या सुकणारच नाहीत आणि बुरशी धरेल. त्या चार महिन्यांत जास्तीचा खोका घेऊन ठेवा, रेडिएशन झालेल्या तोंडाला बुरशी तशीही लवकर लागते.

हाइस्टर जॉ ओपनर

स्टीलच्या दोन पात्या आणि मध्ये फिरवायचा स्क्रू. किंमत खोक्याच्या कितीतरी पट, पण एकदाच द्यायची. पात्या मिटल्यावर पातळ असतात, म्हणून चळत ठेवायला जागाच नाही अशा तोंडातही जातो, हा त्याचा खरा फायदा. तोटाही त्या स्क्रूमध्येच आहे. चावी दोन बोटांनी सहज फिरते, आणि दातावर किती जोर पडतोय ते बोटांना कळत नाही. पट्टी सरकवताना हाताला अडसर जाणवतो, इथे तो मिळत नाही. म्हणून अर्धा फेरा, थांबा, मग पुढचा अर्धा. आणि चावी फिरवायची पेशंटनेच. मुलगा किंवा सून मदत करायला गेली की हमखास जास्त फिरते.

हाइस्टर पुढच्या दातांत लावू नका. ते दात एका मुळाचे, बारीक, आणि रेडिएशननंतर बरेचदा किडलेले असतात. दात तुटला म्हणजे नुसता दाताचा खर्च नव्हे. रेडिएशन मिळालेल्या जबड्यातला दात काढला की तिथलं हाड भरून न येता उघडं पडण्याचा धोका असतो, खालच्या जबड्यात जास्त. पात्यांवर सर्जिकल रबर ट्यूबचे तुकडे चढवा आणि रबर कडक झालं की बदला. घेताना स्क्रू शेवटपर्यंत फिरवून पाहा. स्वस्त मालात आटे अडकतात आणि मुलामा सोलतो. सोललेली कड गालाला लागते, त्यामुळे असा नग परत करा.

डेंटल लॅबमध्ये आट्यांचा अॅक्रिलिकचा शंकू करून मिळतो. फिरवत आत न्यायचा, स्वस्त आहे. पण जोर सगळा पुढच्या दातांवर, म्हणून इथे त्याची शिफारस नाही.

थेराबाईट

अॅटॉस मेडिकल या स्वीडिश कंपनीचं, हाताने दाबायचं यंत्र. नवं घ्यायला हजारोंचा खर्च येतो आणि बेळगावात ते सहसा मागवूनच मिळतं. पैसे कशाचे, तर त्याच्या वक्र चालीचे. जबडा सरळ खाली उघडत नाही, थोडा पुढे सरकत उघडतो, आणि हे यंत्र त्याच वळणाने उघडतं. दाब बऱ्याच दातांवर वाटला जातो. मूठ सैल सोडली की ताणही सुटतो, त्यामुळे घाबरणाऱ्या पेशंटला ते मानवतं. प्रचलित पद्धत लक्षात ठेवायला सोपी: सात वेळा ताण, प्रत्येक वेळी सात सेकंद, दिवसातून सात बैठका. उणी बाजू अशी की दाताला लावायच्या चिकट फोमच्या गाद्या झिजतात आणि पुन्हा मागवाव्या लागतात. हाताची पकड अधू असेल, मानेच्या ऑपरेशनमध्ये नस दुखावून खांदा पडला असेल, तर सात बैठका जड जातात. आणि तोंड फारच आवळलं असेल तर मोठ्यांचा मुखपट्टा, म्हणजे दातांत धरायचा भाग, आत शिरत नाही, लहान मापाचा मागवावा लागतो.

पट्ट्यांपेक्षा ते खरंच सरस आहे का? १९९३ च्या एका छोट्या अभ्यासात यंत्राने पट्ट्यांना स्पष्ट मागे टाकलं होतं. २०१८ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या तुलनेत मात्र दोन्ही गटांची तोंडं उघडली आणि यंत्र विशेष पुढे गेलं नाही. किमतीतला फरक पाहता दुसरा निष्कर्ष आपल्याकडे जास्त कामाचा.

यातलं कुठलंही साधन कोरड्या तोंडात वापरू नये. लाळ कमी झालेल्या तोंडात लाकूड चिकटतं आणि काढताना साल निघते. आधी पाण्याचा घोट, किंवा मेडिकलमध्ये मिळणारी कृत्रिम लाळ. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा, याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा. बेकिंग पावडर वेगळी, ती नको. तोंड उघडत नाही म्हणून ब्रश मागे पोचत नाही, आणि लाळ नाही म्हणून कीड वेगाने पसरते. लहान मुलाचा मऊ ब्रश आणि डेंटिस्टने लिहून दिलेली ५००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट या दोन गोष्टी साधनाइतक्याच जरुरीच्या. रात्री ब्रश झाल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही, अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. "तंबाखू नाही हो, नुसती सुपारी" हेही चालणार नाही. आजाराआधीच्या तोंड आवळण्याचं मूळ सुपारीच आहे, आणि व्यायामाने मिळवलेले मिलिमीटर ती परत घेते.

व्यायाम बंद करून आधी सर्जनला गाठायची वेळ अशी ओळखा: व्यायाम नीट चालू असताना दोन-तीन आठवड्यांत माप पाच-सहा मिलिमीटरने उतरलं, त्याच बाजूचा कान ठणकू लागला, ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, न भरणारी जखम दिसली, किंवा जिभेला खरखरीत हाड लागलं. हे नुसतं आवळणं नसू शकतं. आजार परतलाय की हाड खराब होतंय, ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि पट्ट्या वाढवून तर मुळीच नाही.

हाइस्टर गावात एकाचा दुसऱ्याला दिला जातो, त्याला हरकत नाही. रबर काढून टाका, स्टील ब्रशने घासा, वीस मिनिटं पाण्यात उकळा, नवं रबर चढवा. थेराबाईट मात्र एकाच पेशंटसाठी असतो, तो जुना विकत घेऊ नका. आणि उसना हाइस्टर आला तरी आधीच्या माणसाचे फेरे मोजून तेवढेच फिरवायचे नाहीत, सुरुवात आपल्या मापापासून करायची.