लिहिलं तिनं, नाव लागलं त्याचं

ही फसवणूक अनोळखी माणूस सहसा करत नाही. मार्गदर्शक, संपादक, निर्माता, कधी नवराच म्हणतो, "तू लिहून दे, नावाचं नंतर बघू." मानधन तोंडी ठरतं, संहिता व्हॉट्सॲपवर जाते, 'थोडे बदल कर' म्हणून दोनतीनदा परत येते आणि शेवटी त्याच्या नावावर छापली जाते. जाब विचारला की ठरलेलं उत्तर मिळतं : "कल्पना माझीच होती ना!"

या उत्तराला बऱ्याच जणी उगाच गप्प होतात. कॉपीराइट कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्येच हे सांगितलंय. म्हणजे कुणी तुमची नुसती कल्पना उचलली असेल तर तक्रार टिकणार नाही. पण कल्पना त्याची आणि वाक्यं तुमची असतील तर लेखिका तुम्हीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पहिला हक्क लिहिणाऱ्याचा, मोठा अपवाद पगारी नोकरीतल्या कामाचा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी कागद आणि तुमची सही लागते. त्या कागदावर मुदत नसेल तर ती ५ वर्षं धरतात. सगळे हक्क विकले तरी याच कायद्याच्या कलम ५७ खाली लेखिका म्हणवून घेण्याचा आणि लिखाणाची मोडतोड रोखण्याचा हक्क उरतोच. याच कलमाच्या आधारे हिंदी लेखिका मन्नू भंडारी आपल्या 'आपका बंटी' कादंबरीवरच्या चित्रपटाविरुद्ध कोर्टात गेल्या. चित्रपटाचा रीतसर करार झालेला होता, तरीही दिल्ली उच्च न्यायालयानं १९८६ मध्ये त्यांचा हक्क मान्य केला.

चोरी कळल्यावर पहिल्या रात्री फेसबुकवर नाव घेऊन लिहू नका. बदनामीचा दावा तुमच्यावरच उलटतो आणि समोरचा सावध होऊन मेसेज पुसतो. आधी पुरावा गोळा करा. मूळ फाइल उघडून 'सेव्ह' करत बसू नका, बदलाची तारीख आजची पडते. तशीच पेनड्राइव्हवर उतरवा. चॅट एक्स्पोर्ट करा, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. फोन विकू किंवा रीसेट करू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत, तो ज्या फोनमधून काढला त्याबद्दलचं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. सगळ्यात मोलाचे असतात कच्चे खर्डे : खाडाखोड केलेली वही, गाळलेला प्रसंग, बदललेलं पात्राचं नाव. चोराकडे फक्त शेवटची प्रत असते. स्वतःलाच रजिस्टर पाकीट पाठवून ठेवण्याच्या जुन्या युक्तीवर मात्र विसंबू नका, उघडं पाकीट पाठवून नंतरही चिकटवता येतं.

खर्डे नसले तरी हात चालतो. अमेरिकन चित्रकार मार्गारेट कीन यांची मोठ्या डोळ्यांच्या मुलांची चित्रं नवरा वॉल्टर वर्षानुवर्षं स्वतःची म्हणून विकत होता. त्यांनी लावलेल्या बदनामीच्या दाव्यात १९८६ मध्ये होनोलुलूच्या कोर्टात दोघांनाही तिथंच चित्र काढायला सांगितलं. वॉल्टरचा खांदा नेमका तेव्हाच दुखायला लागला. मार्गारेटबाईंनी ५३ मिनिटांत चित्र पुरं केलं. ज्युरीनं ४० लाख डॉलर भरपाई ठरवली. ती भरपाई पुढे अपिलात रद्द झाली, पण बदनामीचा निकाल कायम राहिला.

मग वकिलाची नोटीस. मागण्या नेमक्या हव्यात : विक्री थांबवा, नाव द्या, विक्रीचा हिशोब द्या. मजकूर ऑनलाइन असेल तर त्या संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करा. नियमाप्रमाणे तो ३६ तासांत बंद व्हायला हवा, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश नेला नाही तर तो परत सुरू होऊ शकतो. तक्रारीआधी वकील ठरवा. दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या कोर्टातही लावता येतो, भरपाईसाठी मुदत ३ वर्षं. पोलिसांत कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ सांगा : ६ महिने ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. 'हे दिवाणी आहे' म्हणून परत पाठवलं तर हा गुन्हा दखलपात्र असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल दाखवा. कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही, पण साहित्यकृतीला ५०० रुपयांत होते. संहिता कुणाला दाखवण्याआधीच करा.

एवढं झालं की बहुधा समझोत्याचा निरोप येतो. घाईनं सही करू नका. पुढच्या आवृत्तीत नाव, शिल्लक प्रतींवर नावाची पट्टी, ठरावीक तारखेला पैसे आणि मूळ प्रकाशन जिथं झालं तिथंच जाहीर खुलासा, हे चारही लेखी घ्या. 'यापुढे कोणताही दावा नाही' हे वाक्य पैसे खात्यात जमा झाल्यावरच लागू होईल, असं त्यातच लिहून घ्या.