कर्नलमधून काढलेलं इन्फ्रारेड बाहेरून जोडून वापरताना: काही महिन्यांनंतर

माझा डाइव्ह कॉम्प्युटर (डायव्हिंग करताना खोली-वेळ नोंदवणारं यंत्र) जुना पण ठणठणीत आहे. सेल घरीच बदलता येतो, काचेवर ओरखडे आहेत, बाकी तक्रार नाही. फक्त त्यातल्या नोंदी उतरवायच्या तर इन्फ्रारेडनेच. आणि लिनक्सने आपल्या कर्नलमधला (सिस्टमच्या गाभ्यातला) आयआरडीएचा, म्हणजे इन्फ्रारेडने डेटा पाठवण्याच्या पद्धतीचा, कोड ४.१४ आवृत्तीत स्टेजिंगमध्ये (कच्च्या कोडच्या कोपऱ्यात) ढकलला, जून २०१८ मधल्या ४.१७ मधून पार काढून टाकला. जुना लॅपटॉप होता तोवर जुन्या कर्नलवर भागलं. नव्यावर बाहेरून कंपाइल करायचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) वापरायला लागलो.

चालतं तेव्हा झकास चालतं. डोंगल (इन्फ्रारेडचं छोटं उपकरण) लावा, डाइव्ह कॉम्प्युटर समोर धरा, सबसर्फेस हा डायव्हिंगच्या नोंदींचा प्रोग्राम उघडा, नोंदी हजर. (हे सबसर्फेस २०११ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलं. माणूस स्वतः डायव्हिंग करतो, आणि त्यांच्याच कर्नलमधून आमची सोय गेली!) टीव्हीच्या रिमोटचं इन्फ्रारेड वेगळं, ते कर्नलमध्ये अजून आहे. त्याचा इथे उपयोग शून्य.

डोकं फिरतं ते एरर मेसेजने. मॉड्यूल नसलं की ‘अ‍ॅड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड’. म्हणजे ही जोडणीची पद्धत कर्नलला येत नाही. अरे, पण कर्नलच्या हेडरमध्ये (व्याख्यांच्या फाइलमध्ये) आयआरडीए पद्धतीचा २३ हा क्रमांक आजही राखून ठेवलेला आहे! घर पाडलं, दारावरची पाटी तेवढी ठेवली. क्रमांक पुन्हा दुसऱ्याला दिला तर जुने प्रोग्राम भलतीकडे जातील, हे कारण मला कळतं. तरी दर वेळी तो मेसेज दिसला की तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि तो दिसतो कर्नल अपडेटनंतर. डीकेएमएस नावाचं साधन मॉड्यूल आपोआप नव्याने कंपाइल करतं खरं, पण कर्नलच्या आतली फंक्शन्स कधी बदलतील याचा नेम नाही. ४.१५ मध्ये टायमर लावायची जुनी पद्धत गेली, अलीकडे ‘डेल_टायमर’चं ‘टायमर_डिलीट’ झालं. कोड कर्नलमध्ये असता तर ज्याने नाव बदललं त्यानेच आमच्याही ओळी दुरुस्त केल्या असत्या. आता कोणीतरी पॅच टाकेपर्यंत बसा वाट बघत. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही करायचं लचांड आणखी वेगळं.

इथवर मी एकच स्टार देणार होतो. मग काढलेल्या कोडबद्दल थोडं वाचलं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यात दोन सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्या: एक मेमरी गळतीची, दुसरी मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरण्याची. साध्या युजरच्या प्रोग्रामने २३ क्रमांकाचं सॉकेट (जोडणी) मागितलं की मॉड्यूल आपोआप लोड व्हायचं. म्हणजे ज्याने आयुष्यात इन्फ्रारेड वापरलं नाही, त्याच्याही मशीनवर हे दार उघडंच. आणि कोडला धड वाली नाही. माझ्या चार नोंदींसाठी सगळ्यांनी हे का सोसायचं? काढलं ते बरोबरच केलं. दोन स्टार वाढवले.

हल्ली मुख्य सिस्टमवर ते मॉड्यूल ठेवतच नाही. ४.१४ टाकलेलं एक व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन) आहे, डोंगल थेट त्याच्या ताब्यात देतो. त्या कर्नलचे अपडेट जानेवारी २०२४ मध्ये संपले, म्हणून त्याला नेटवर्क अजिबात दिलेलं नाही. नोंदींची फाइल शेअर्ड फोल्डरमधून बाहेर काढतो. वेळ जास्त जातो, पण अपडेटची धास्ती गेली. ‘ब्लूटूथवाला नवा घे’ म्हणणाऱ्यांनी आधी किमती बघाव्यात. चालती वस्तू मी टाकणार नाही.