स्पेस मरीन २: कंट्रोलर झिजला, पण बोल्टरचं गणित शेवटी सुटलं

कंट्रोलरचा उजवा ट्रिगर गेला. दाबला की अर्ध्यात अडकायचा आणि बोट उचललं तरी गोळीबार चालूच. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने तो उलटसुलट करून बघितला आणि शांतपणे विचारलं, "सर, जोरात दाबता का?" अरे बाबा, समोर टिरॅनिड वॉरियर अख्खं मॅगझिन अंगावर घेऊन पुन्हा चालत येत असेल तर माणूस काय हळुवार दाबणार? 'फिजिकल डॅमेज' असा शिक्का मारून वॉरंटी नाकारली. शेवटी मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवर एका मेलेल्या कंट्रोलरची स्प्रिंग काढून दीडशे रुपयांत बसवून मिळाली. कंपनीने नवीन कंट्रोलर घ्या असं सुचवलं होतं, आणि त्या पैशात हा गेम मी सेलमध्ये पुन्हा एकदा घेऊ शकलो असतो.

तर वॉरहॅमर ४०,००० : स्पेस मरीन २. वॉरहॅमर हा मुळात टेबलावर बाहुल्या मांडून फासे टाकत खेळायचा युद्धाचा खेळ, आणि त्याच्या विश्वात चिलखतवाला स्पेस मरीन होऊन टिरॅनिड या परग्रही राक्षसांशी लढायचा हा व्हिडिओ गेम. काही महिने खेळून झाल्यावरचं मत. नायक टायटस कोण, पहिला भाग २०११ मध्ये रेलिक नावाच्या कंपनीने केला होता आणि हा २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सेबर इंटरॅक्टिव्हने आणला, हे सगळं तुम्हाला माहीत असणार. स्टोरी एकदा खेळण्यासारखी आहे. कडाकूचं जंगल, अवॅरॅक्सचं ते मजल्यांवर मजले चढवलेलं शहर, डेमेरियमची स्मशानभूमी, तिन्ही ठिकाणी मान वर करून बघत राहावं असं काम केलंय. टायटसचा साथीदार गॅड्रिएल पहिले काही तास डोक्यात जातो, नंतर आवडायला लागतो. बस.

आता मुद्द्याचं. स्पेस मरीनची हुकमी बंदूक. बोल्टर.

या विश्वात बोल्टर म्हणजे काय चीज आहे हे ज्याने दोन कथा वाचल्या असतील त्याला सांगायला नको. पाऊण इंच व्यासाची गोळी, तिला स्वतःचं छोटं रॉकेट, शरीरात शिरल्यावर आत फुटणार. एक गोळी, एक मुडदा. गेममध्ये आवाजही तसाच दिलाय. हेडफोन लावला की छातीत धडधडतं. आणि मग ती गोळी वॉरियरच्या छातीवर बसते आणि वॉरियर काय करतो? खांदा झटकतो. स्टँडर्ड बोल्ट रायफल घेऊन सब्स्टॅन्शियल या तिसऱ्या डिफिकल्टीवर गेलात तर एक मॅगझिन संपतं, दुसरं भरेपर्यंत तो तलवार काढून तुमच्यासमोर हजर.

सुरुवातीला वाटलं माझाच नेम वाईट. पण गेम आल्यापासून खेळाडूंची सगळ्यात मोठी ओरड हीच होती. बोल्टर म्हणजे वाटाण्याची बंदूक, आणि मेल्टा म्हणजे देव. मेल्टा रायफल एका फटक्यात समोरची अख्खी रांग भाजून काढायची आणि वर तुमचं नुकतं गेलेलं रक्त परत मिळवून द्यायची, कारण मार खाल्ल्यावर लगेच कोणाला तरी मारलं की थोडी हेल्थ परत येते आणि मेल्टा एकदम दहाजणांना मारते. त्यामुळे ऑपरेशन्समध्ये, म्हणजे तिघांनी मिळून खेळायच्या मिशन्समध्ये, बघावं तिकडे मेल्टा. ज्या शस्त्रावरून हे सगळं विश्व ओळखलं जातं ते शस्त्र हातात घेऊन कुणी येतच नव्हतं.

मग ऑक्टोबर २०२४ मध्ये ४.० पॅच आला. लीथल नावाची नवी, तेव्हाची सगळ्यात अवघड पातळी आली, ते ठीक. पण खालच्या पातळ्यांवरही बडे शत्रू वाढवले, तिच्या खालच्या रूथलेस पातळीवर आपलं आर्मर कमी केलं, आणि लीथलवर तर अट घातली की जोडीदाराच्या जवळ असाल तरच फिनिशर (लडखडलेल्या शत्रूला संपवणारा शेवटचा वार) मारल्यावर आर्मर परत मिळेल. म्हणजे लांबून मारणारा स्नायपर आणि उड्या मारत पुढे घुसणारा जंप पॅकवाला असॉल्ट या दोन क्लासनी काय हातात हात घालून फिरायचं? लोक जे भडकले ते भडकले. सेबरने मात्र ताठरपणा केला नाही, आठवड्याभरात ४.१ आणून ती जवळ राहायची अट काढून टाकली, शत्रूंची गर्दी कमी केली आणि बोल्टर जातीच्या जवळजवळ सगळ्या बंदुकांचं डॅमेज वाढवलं. ऑटो बोल्ट रायफलला तर सणसणीत वीस टक्के.

मी गेम घेतला तो या सगळ्यानंतर, सेलमध्ये. म्हणजे मला जो बोल्टर अशक्त वाटत होता तो आधीच टॉनिक पाजलेला होता! ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजून मूळचा बोल्टर चालवला त्यांना माझा नमस्कार. सेलची वाट बघणाऱ्याला लोक कंजूष म्हणतात, पण चार पॅचेसचा फायदा फुकट मिळतो हे कोणी बोलत नाही.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं: गेम भारी, बोल्टर बोगस, दहापैकी सात. तसंच लिहून मोकळा होणार होतो. मग नॉटिंगहॅमच्या मित्राशी बोलणं झालं.

हा कॉलेजातला मित्र नोकरीसाठी तिकडे गेला, आणि नॉटिंगहॅम म्हणजे गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय, वॉरहॅमरची पंढरीच. व्हायचं तेच झालं, आता त्याच्या घरात टिरॅनिड्सच्या कपाटभर बाहुल्या आहेत. मी बोल्टरबद्दल माझं रडगाणं सुरू केल्यावर तो म्हणाला, "तू कधी टेबलावर बोल्टर चालवून बघितलास का रे? आधी फासे टाक, मग बोल."

व्हिडिओ कॉलवर त्याने २०२३ च्या दहाव्या आवृत्तीचे आकडे काढले. साधा बोल्टर, ताकद ४. स्पेस मरीनला गोळी लागायला फाशावर ३ किंवा जास्त हवेत, म्हणजे सहातल्या चार वेळा. वॉरियरचा चिवटपणा ५, म्हणून जखम व्हायला ५ किंवा ६ हवेत, सहातल्या दोनच वेळा. त्यानंतर वॉरियरचा मालक कवचासाठी फासा टाकणार, त्याला ४ किंवा जास्त पडले की तुमची जखम रद्द. सगळ्याचा गुणाकार केला की सरासरी नऊ गोळ्यांमागे एक जखम. आणि वॉरियर तीन जखमा सोसतो. सत्तावीस गोळ्या! प्रायमॅरिस या नव्या पिढीच्या मरीन्सची बोल्ट रायफल कवच एकाने भेदते, तर तिच्या वीस. टर्मागंट या छोट्या टिरॅनिडला मारायलासुद्धा साध्या बोल्टरच्या सरासरी जवळपास साडेतीन गोळ्या लागतात.

मी कॅल्क्युलेटरवर दोनदा पडताळलं. बरोबर आहे.

म्हणजे ज्याला आम्ही सगळे शिव्या घालत होतो तो बोल्टर टेबलावरच्या मूळ खेळाशी प्रामाणिक आहे. एका गोळीत मुडदा पाडणारा बोल्टर कथांमधला. १९८७ मध्ये रोग ट्रेडर आल्यापासून फासे टाकणाऱ्या माणसासाठी बोल्टर म्हणजे साधी, रोजच्या वापराची बंदूक. ती भारी वाटते कारण दहा मरीन एकदम झाडतात. गेममध्ये मात्र आपण तिघे. दहाजणांच्या गोळीबाराचं काम तिघांनी करायचं म्हटल्यावर उरलेली कसर कुठून तरी भरून काढावीच लागणार, आणि ती सेबरने तलवारीतून, पॅरीतून (समोरच्याचा वार ऐनवेळी परतवण्यातून) आणि फिनिशरमधून भरून काढली आहे.

हे डोक्यात शिरल्यावर माझी खेळायची पद्धतच बदलली. बोल्टर मारण्यासाठी नाही, शत्रूला गुडघ्यावर आणण्यासाठी. डोक्यावर नेम धरून वॉरियरला लडखडवायचं, तो लाल झाला की पुढे घुसून फिनिशर, त्यातून आर्मर परत, आणि वॉरियर पडला की त्याच्या हुकमावर चालणारी आसपासची पिलावळही कोलमडते. मध्येच एखादा हॉर्मागॉन्ट, म्हणजे छोटा टिरॅनिड, निळ्या वर्तुळासकट अंगावर उडी मारतो, त्याला हवेतच पॅरी करून जमिनीवर आपटायचं. हे एकदा लयीत आलं की थांबवत नाही. जेवायला हाका मारून घरचे दमतात.

तरी माझा राग पूर्ण गेलेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदललाय. बोल्टर दुबळा का आहे याचं फाशांइतकंच दुसरं कारण म्हणजे ग्राइंड, तेच तेच पुन्हा खेळत बसणं. शस्त्रांच्या मूळच्या चार पायऱ्या: स्टँडर्ड, मास्टर-क्राफ्टेड, आर्टिफिसर, रेलिक. वर चढायला शस्त्र वापरून त्याची लेव्हल वाढवा, शिवाय ऑपरेशन्समध्ये कोपऱ्याकोपऱ्यात लपवलेला आर्मरी डेटा शोधा. रेलिक पायरीचा बोल्टर, त्याचे सगळे पर्क (जादा फायदे) उघडलेले, खरोखर मस्त चालतो. म्हणजे चांगला बोल्टर गेममध्ये आहे, पण तो महिनाभर वाईट बोल्टर चालवल्यावर मिळतो. नवा कुकर घ्यावा आणि दुकानदाराने सांगावं की शंभर वेळा भात लावलात की शिट्टी देऊ, तसला प्रकार. आणि हे प्रत्येक क्लासला वेगवेगळं. टॅक्टिकल वर नेलात तरी व्हॅनगार्डला पुन्हा पहिलीत बसवायचं.

बाकीचं पटापट सांगतो.

शत्रूंच्या झुंडी बघण्यासाठी तरी हा गेम घ्यावा. सेबरने वर्ल्ड वॉर झी हा गेम केला होता, एकमेकांवर चढून भिंत पार करणारे झॉम्बी ज्यात होते तो, तेच तंत्र इथे टिरॅनिड्सना लावलंय. तटबंदीवर उभं राहून खाली ती वळवळणारी लाट वर येताना बघणं हा अनुभव दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मला मिळालेला नाही. त्यामानाने गेममधले दुसरे शत्रू, केऑसच्या बाजूचे थाउजंड सन्स, यांच्याशी लढायला कंटाळा येतो. कवचात नुसती धूळ भरलेले रुब्रिक मरीन कथेत वाचायला जबरदस्त, पण लढताना टेलिपोर्ट होऊन लांबून गोळ्या मारत बसतात. केऑसचं ऑपरेशन लागलं की मी सरळ लॉबी बदलतो.

बॉट्स, म्हणजे गेमच चालवतो ते साथीदार, बिनकामाचे. पडलात तर उचलायला येतात, त्याचे आभार. पण मारामारीत ते म्हणजे लग्नाच्या वरातीत नुसते चालणारे पाहुणे. त्यामुळे रूथलेसच्या वर एकट्याने जायचं नाव काढू नका. माणसं मिळतात, क्रॉसप्ले आहे, पीसी आणि कन्सोलवाले एकत्र येतात. आपल्याकडे रात्री अकरानंतर युरोपवाले ऑनलाइन असतात तेव्हा सगळ्यात पटकन टीम लागते. फक्त एक विनंती. मिशनमध्ये जीन-सीड नावाची बोनस देणारी वस्तू सापडते, ते सापडलं तर टीममधल्या सगळ्यात सांभाळून खेळणाऱ्याला घेऊ द्या. ते घेऊन जो पडतो तो तिघांचाही बोनस बुडवतो, आणि दर वेळी ते उचलायला जंप पॅकवाला असॉल्टच पहिला धावतो.

पीसीबद्दल: किमान गरज जीटीएक्स १०६० ची आणि शिफारस आरटीएक्स ३०७० ची. माझं सेकंडहँड कार्ड या दोघांच्या मधलं आहे, १०८० पी वर अपस्केलिंग लावून व्यवस्थित चालतं. अडतं ते प्रोसेसरपाशी. झुंड आली की जुना प्रोसेसर धापा टाकतो, ग्राफिक्स कितीही कमी करा. कार्डापेक्षा आधी तिकडे पैसे घाला.

आणि सीझन पास. अजिबात घेऊ नका. नवे मिशन्स, नव्या शत्रूंसह अपडेट्स, २०२५ मधला लाटांमागून लाटा थोपवायचा सीज मोड, नंतरचा टेकमरीन क्लास, हे सगळं सगळ्यांना फुकट आहे. पैसे फक्त रंगरंगोटीचे. मरीन्सच्या एखाद्या चॅप्टरचं (पलटणीचं) खास चिलखत, खास शिरस्त्राण, शस्त्रांच्या स्किन्स. नॉटिंगहॅमवाला म्हणतो की टेबलावरही लोक रंगातच बुडतात, छोट्याशा डबीला किती मोजतात ते ऐकशील तर हसशील. पण तो निदान ब्रश घेऊन स्वतः रंगवतो, आणि ती बाहुली त्याच्या कपाटात राहते. मी माझ्या मरीनला फुकटातला साधा लाल देऊन ठेवलाय. अंधाऱ्या ऑपरेशनमध्ये तो विटकरी दिसतो, दिसू दे.

मार्च २०२५ मध्येच स्पेस मरीन ३ जाहीर झालाय, म्हणून आता दुसरा घ्यावा का असं दोघांतिघांनी विचारलं. तिसऱ्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. तो आला तरी पहिल्या दिवशी तुम्ही-मी घेणार नाहीच. हा सेलला लागला की बेस एडिशन घ्या, स्टोरी नॉर्मलवर संपवा, मग टॅक्टिकल घेऊन ऑटो बोल्ट रायफलपासून सुरुवात करा आणि आर्टिफिसर होईपर्यंत दात-ओठ खात चालवा. कंट्रोलरवर खेळणार असाल तर ट्रिगरचा व्हायब्रेशन सेटिंगमधून बंद करा. टपरीवाला म्हणाला, स्प्रिंग दाबण्याने नाही, त्या थरथरीनेच सैल होते. खरं-खोटं तो जाणे, पण बंद केल्यापासून ट्रिगर अडकलेला नाही.