मिक्सिंगच्या क्लासच्या नावाखाली ४८,५०० चा चुना

रोख १०,०००, पावती नाही. यूपीआयनं ३०,०००, तेही कुणा तिसऱ्याच्याच खात्यावर. आणि वर 'ओरिजिनल प्लगिनचं' (आवाजावर काम करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचं) 'लायसन्स' म्हणून ८,५००. एकूण ४८,५००. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर 'मिक्सिंग-मास्टरिंग डिप्लोमा' चालायचा, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून गाणं पक्कं करायचा क्लास, तिथं हे ओतले. 'दोनच सीट राहिल्यात', 'मुंबईत काम लावून देतो' वगैरे सगळं नेहमीचंच, ते परत सांगत बसत नाही.

लोक विचारतात, तुला कळलं कसं नाही? हलगी-घुमक्याच्या ताफ्यांचं रेकॉर्डिंग मी आधीपासून करतोय, अगदीच कच्चा नाही. म्हणूनच जास्त चीड येते.

डेमोला क्लासवाल्यानं आधी 'रॉ' म्हणजे काहीच काम न केलेलं गाणं लावलं, मग 'माझं मिक्स'. दुसरं सुरू झालं आणि ढोलकी छातीवरच बसली, गाणाऱ्या बाईंचा आवाज पुढं आला. स्क्रीन माझ्यापासून दीड हातावर. रॉ ट्रॅकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढलेला साफ दिसत होता, आणि मिक्स वाजताना आवाजाची पातळी दाखवणारा मीटर लाल टोकाला टेकत होता. म्हणजे दुसरं गाणं नुसतं मोठ्यानं वाजत होतं! तेच गाणं थोडं मोठ्यानं लावलं की खर्जही भरदार लागतो आणि वरची धारही चढते. कुणाच्याही कानाची ही खोड आहे, त्यावर हा माणूस पोट भरत होता. तो फेडर मी बघितला आणि गप्प बसलो. पण एसीची खोली, भिंतींना फोम, समोर दोन दांडगे मॉनिटर स्पीकर आणि 'भावा, कानानं ऐक, डोळ्यानं नको' म्हणणारा माणूस. तिथं कोण तोंड उघडणार? तुम्हीही नसतं उघडलं. आता सांगतो: दोन्ही गाणी एकाच पातळीवर आणून लावायला सांगा. टाळाटाळ झाली की चप्पल घाला आणि जिना उतरा.

शिकवलं काय? प्रोजेक्टरवर यूट्यूब. कंप्रेसर (आवाजातला चढ-उतार आवरणारं साधन) कशासाठी लावायचा विचारलं की 'प्रीसेट टाक', म्हणजे तयार सेटिंग लाव. माझा हलगीचा एक ट्रॅक नेला, कडाडताना फुटत होता. म्हणाला, मास्टरिंगमध्ये निघेल. डोंबल निघेल! टेपच्या जमान्यात पातळी जरा वर गेली तर आवाज थोडा दाटायचा, खपून जायचं. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छप्पर. वर गेलेली लाट सपाट कापली जाते. एखाददुसरा टवका सॉफ्टवेअर बुजवतं, सबंध हलगी नाही. २४ बिटवर घेताना सगळ्यात मोठा फटका उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवला तरी काही बिघडत नाही. हे मला नंतर दुसरीकडं फुकटात कळलं.

आणि ते लायसन्स! पेनड्राइव्ह हातात दिला आणि पहिलं वाक्य काय, तर 'अँटिव्हायरस बंद कर'. खरं लायसन्स तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर येतं. अँटिव्हायरस बंद करायला लावला की ते क्रॅकच, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं, त्याचं घरगुती लायसन्स ६० डॉलरला आहे. ऑडॅसिटी हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर तर फुकटच. मग माझे ८,५०० कशाचे?

दुसऱ्या महिन्यात दाराला कुलूप, फोन बंद.

पोलिसांकडे गेलो. 'थोडे क्लास झाले ना? मग हे दिवाणी.' अहो, खोटं सांगून पैसे घेतले, ही फसवणूक नाही? तर म्हणे फसवणुकीचं पूर्वीचं कलम ४२० आता नव्या कायद्यात ३१८ झालंय, कलमं आम्हाला शिकवू नका. कलम पाठ, पण गुन्ह्याची नोंद मात्र नाही! अर्ज तेवढा घेतला. पोच मागितली तर शिक्का मारायला साहेब जागेवर नाहीत. पुढच्या वेळी साहेब होते, अर्ज सापडेना. बँकेत गेलो, तिथली मॅडम म्हणाली, 'सर, तुमचा व्यवहार यशस्वी झालाय.' यशस्वी झाला हेच तर दुखणं आहे! खातं कुणाचं एवढं तरी सांगा, तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आधी बँकेचं पत्र आणा. चोर पुण्याला पोचला असेल, मी अजून झेरॉक्सच्या दुकानात.

पैसे देताना खातं त्याच्याच नावाचं आहे का बघा. रोख दिले तर त्याच पायरीवर पावती घ्या, 'उद्या देतो' ऐकू नका. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण २ वर्षांच्या आत जा. तो गाव सोडून गेला तरी तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते. वकील मला म्हणाले, शिक्षण ही 'सेवा' आहे की नाही यावरच समोरचे घोळ घालतील. म्हणून लायसन्सचे ८,५०० मी तक्रारीत वेगळे मांडलेत.

त्या बॅचमधल्या कुणाच्या नजरेला हे पडलं तर लाजू नका. व्हॉट्सॲपचे मेसेज, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि तो पेनड्राइव्ह, काहीही पुसू नका. एकत्र तक्रार करता येते. कागद मी तयार ठेवलेत, सह्या हव्यात.