शोल्डर स्टॉक घेऊन एअर शो: हेलिकॉप्टरला भारी, जेटला गरज नाही

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईवाले सुटतील. हेलिकॉप्टर आणि पंख्याची विमानं स्लो शटरवर काढायची हौस असेल तर शोल्डर स्टॉक पैसे वसूल आहे, आणि फक्त फायटर जेटच काढत असाल तर पैसे खिशातच ठेवा, लेन्समधलं व्हीआर (थरथर कमी करणारी सोय) ते काम आधीपासूनच करतंय.

ज्यांनी ही भानगड बघितलेली नाही त्यांच्यासाठी, बंदुकीचा मागचा दस्ता खांद्यात रुततो ना तोच प्रकार कॅमेऱ्यासाठी. मागे रबरी पॅड, मधे दांडा, दांड्यावर अर्का-स्विस क्लॅम्प ज्यात लेन्सचा पाय अडकतो, खाली पिस्तुलासारखी मूठ आणि मुठीत ट्रिगर, ट्रिगरची वायर कॅमेऱ्याच्या रिमोट सॉकेटमध्ये. माझ्या पीसचं ब्रँडनेम मुद्दाम देत नाही कारण अगदी तोच माल ऑनलाइन चार वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. काळं अ‍ॅल्युमिनियम, वजन पाऊण किलोच्या आसपास, किंमत सहा हजाराच्या आत.

आयडिया काही नवीन नाही बरं का. १८८२ साली फ्रान्समधे एतियेन-ज्यूल मारे नावाच्या शास्त्रज्ञानं चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला होता, उडते पक्षी टिपायला, आणि तो सेकंदाला १२ फ्रेम काढायचा. माझा निकॉन डी५०० काढतो १०. नंतर रशियन लोकांनी झेनिट फोटोस्नायपर काढला, १९६५ पासूनचा एफएस-३ फेमस आहे, ताइर-३ ही ३०० एमएम एफ/४.५ लेन्स, फोकसचं मोठं चाक लेन्सच्या खाली आणि ट्रिगर दाबला की कॅमेऱ्याच्या बुडातून शटर पडतं. मित्राच्या काकांकडे एक आहे, पत्र्याच्या पेटीसकट, हातात घेतला की कळतं की हे डिझाइन करणाऱ्यानं फोकसिंगचा हात आणि शटरचा हात दोघांचाही विचार केलाय. हा मुद्दा पुढे येणारे, लक्षात ठेवा.

माझा सेटअप डी५०० आणि २००-५०० एमएम एफ/५.६ झूम लेन्स. बॉडी ८६० ग्रॅम, लेन्स २३०० ग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या वरच, त्यात स्टॉक धरला की जवळपास चार. क्रॉप सेन्सरमुळे (फुल-फ्रेमपेक्षा लहान) ५०० चे ७५० होतात, म्हणजे जितके एमएम तितकं शटर या जुन्या नियमानं हातात धरून १/७५० तरी शटर पाहिजे. जेटला काही प्रॉब्लेम नाही, सुखोईला मी १/१६०० वर ठेवतो, एअर फोर्सच्या सूर्यकिरण टीमच्या हॉक जेटना १/१२५० पण चालतं. खरी पंचाईत पंख्यावाल्यांची. ध्रुव हेलिकॉप्टर १/१००० ला काढा, पाती जागच्या जागी गोठतात आणि फोटो असा दिसतो की कुणीतरी खेळणं दोऱ्याला टांगून ठेवलंय. पाती फिरताना दिसायला हवीत तर १/१२५ किंवा त्याच्याही खाली यावं लागतं, सी-१३०जे च्या सहा पात्यांच्या पंख्यांना १/२०० पर्यंत बरं दिसतं. आणि ७५० एमएमच्या हिशोबाला १/१२५ म्हणजे श्वास घेतला तरी हलतं.

इथे स्टॉकचं काम सुरू होतं. जानेवारी २०२४ मधे एअर फोर्सनं मुंबईत मरीन ड्राइव्हवर तीन दिवस शो ठेवला होता, १२ ते १४ तारीख, दुपारी बारा ते एक, सूर्यकिरण होते, सारंगची ध्रुव हेलिकॉप्टरं होती, सुखोई, सी-१३०, आकाशगंगावाले पॅराशूट घेऊन. सारंगच्या वेळेला मी १/१२५ वर स्टॉक लावून पॅन केलं, म्हणजे हेलिकॉप्टरबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढले, आणि फरक सरळ स्क्रीनवर दिसला, हातात धरून दहात एखादी शार्प यायची तिथे तीन-चार यायला लागल्या. जादू काही नाहीये, पॅनिंगमधे आडवी हालचाल आपल्याला हवीच असते, फोटो मारते ती उभी थरथर, आणि खांद्याचा तिसरा टेकू मिळाला की तीच कमी होते. व्हीआर स्पोर्ट मोडवर, पाय अगोदरच त्या दिशेला वळवून ठेवायचे जिथे विमान अगदी समोर येणार आहे, आणि मग कंबरेतून फिरायचं, हातानं नाही. फ्रेम संपल्यावरपण फिरणं थांबवायचं नाही. पण शटर १/५०० च्या वर गेलं की स्टॉक असला काय नसला काय, मला तरी फरक ओळखता येत नाही.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी ट्रिगरची. आपण बहुतेक सगळे विमानवाले बॅक बटन फोकस वापरतो, म्हणजे फोकस शटरच्या बटणावर नाही, अंगठा मागच्या एएफ-ऑन बटणावर. उजवा हात खालच्या मुठीवर गेला की अंगठा कॅमेऱ्यावर नाही, मग फोकस कोण करणार? म्हणजे फोकस परत शटरच्या हाफ-प्रेसवर (बटण अर्धं दाबून) आणायचा आणि तो हाफ-प्रेस ट्रिगरमधून द्यायचा, आणि या स्वस्तातल्या ट्रिगरला पहिला टप्पा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे बोटाला कळतच नाही, नुसतं फोकस लॉक करायला गेलो की धडाधड बर्स्ट सुटतो. वायरपण सैल, तीनेक महिन्यांत कनेक्शन यायचं-जायचं सुरू झालं. विक्रेत्याला लिहिलं तर म्हणे कॅमेऱ्याची सेटिंग चेक करा. त्या एफएस-३ मधे हा विषयच नाही, डावा हात चाकावर, उजवा ट्रिगरवर, संपलं. ६० वर्षांपूर्वी जे त्यांना जमलं ते या पठ्ठ्यांना जमत नाही.

यावर माझा उपाय म्हणजे मूठ सरळ काढून टाकली. चार मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीनं निघते. आता उजवा हात नेहमीसारखा कॅमेऱ्यावर, अंगठा एएफ-ऑन वर, डावा हात लेन्सखाली झूम रिंगवर, आणि स्टॉक फक्त खांद्याला टेकू. २००-५०० ची झूम रिंग बरीच फिरवावी लागते हे ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीये, वजनाचा काही भाग खांदा घेतो म्हटल्यावर डावी बोटं मोकळी राहतात आणि पॅन करता करता झूम करता येतं, हा फायदा घेताना माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता. मला विचाराल तर ट्रिगरवाला मॉडेल घेऊच नका, साधा बिनट्रिगरचा घ्या, पैसेही कमी.

दुसरी गोष्ट फिटिंग. दांड्याची लांबी कमी-जास्त होते का आणि क्लॅम्पची उंची बदलते का, हे दोन्ही बघूनच घ्या. माझ्या स्टॉकची लांबी बदलते, उंची बदलत नाही, त्यामुळे व्ह्यूफाइंडर डोळ्याच्या थोडा खाली येतो आणि मान वाकवून बघावं लागतं, चष्मा असेल तर आणखीनच. मी क्लॅम्प आणि लेन्सच्या पायाच्या मधे एक जाड प्लेट घातलीय, काम भागतं. रबरी पॅड कॉटनच्या शर्टवर ठीक, पण घामानं ओल्या झालेल्या टी-शर्टवर घसरतो. सॅकचा पट्टा खांद्यावर असेल तर पॅड त्याच्यावर टेकवा.

तिसरं म्हणजे डोक्यावरून जाणारी विमानं. साठेक अंशाच्या वर लेन्स गेली की पॅड खांद्यावरून सुटतो आणि मग पाऊण किलोचं लोढणं नुसतं लटकतं. बंगळुरूजवळ येलहंकाला एरो इंडियात बहुतेक डिस्प्ले प्रेक्षकांच्या समोरून आडवे होतात म्हणून तिथे चालून जातं. गर्दीत मात्र कोपर शेजाऱ्याला लागतं, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तर खांद्याला खांदा लावून पब्लिक बसलेलं, बिचाऱ्या एका आजोबांना मी दोनदा सॉरी म्हटलं. २०२५ च्या एरो इंडियाला रशियाचं सु-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ ही दोन्ही फायटर एकाच शोमधे होती म्हणून गेलो, पण पोरबंदरच्या अपघातानंतर ध्रुव ग्राउंडेड असल्यामुळे सारंग नव्हतेच, म्हणजे ज्याच्यासाठी स्टॉक घ्यावा तेच गायब. बहुतेक वेळ तो सॅकमधेच राहिला. आणि दुपारी रनवेवरून जी गरम हवा उठते तिनं फोटो उकळल्यासारखा होतो, त्यावर स्टॉक, ट्रायपॉड, कशाचाच उपाय नाही, सकाळचा स्लॉट पकडा.

आणि आता तो विषय ज्याच्यावर विकणारे एक अक्षर लिहीत नाहीत. ही वस्तू लांबून बंदूक दिसते. चार फूट लांब काळं काहीतरी खांद्याला लावून तुम्ही आकाशात विमानावर नेम धरलाय, बघणाऱ्याला काय वाटेल? मूठ काढल्यावर बराच फरक पडला, दांड्यावर मी केशरी टेप गुंडाळलाय, आणि शोच्या ठिकाणी पोचलो की पहिलं काम म्हणजे जवळच्या पोलिसाला किंवा सिक्युरिटीवाल्याला आपणहून दाखवायचं, "साहेब, कॅमेऱ्याचा स्टँड आहे, बघून घ्या". मरीन ड्राइव्हला एका हवालदारांनी स्वतः खांद्याला लावून बघितला, हसले आणि म्हणाले लावा, पण गर्दीकडे वळवू नका.

जाहीर एअर शो सोडून दुसरीकडे मात्र मी तो बाहेर काढत नाही. पुण्यातली पोरं विचारतात लोहगावला सुखोई काढायला चालेल का, कित्येक वर्षं तिथे सुखोई आहेत, घराच्या गच्चीवरून दिसतात, मोह होतो हे मान्य. पण तो एअर फोर्सचा तळ आहे, गोव्याचा दाबोळी नेव्हीचा, तिथे साधा कॅमेरा काढला तरी चौकशी होते. स्टॉक लावून उभे राहिलात तर पुढचे चार तास चौकीत जातील आणि मेमरी कार्डही.

विमानानं बंगळुरूला जाणार असाल तर स्टॉक सुटा करून चेक-इनच्या बॅगेत टाका, दांडा एकीकडे, पॅड एकीकडे, मूठ ठेवली असेल तर तीपण वेगळी. हँडबॅगेत ठेवला तर एक्स-रेच्या स्क्रीनवर तो काय दिसेल याची कल्पना करा. अ‍ॅलन की पण चेक-इनलाच टाका, आणि बॅग उशिरा आली तर पहिला दिवस गेला हे धरून चला.