सयाजीरावांचा रुपया: नाणं पक्कं, पाकीट घातकी

भाची बी.एस्सी. झाली तेव्हा तिला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या छापाचा चांदीचा रुपया भेट दिला. त्यावर एक पावसाळा गेला, दिवाळी गेली. जुनं नाणं भेट देण्याच्या विचारात असाल तर नाण्याआधी ते कशात घालून मिळतंय ते बघा, हे सांगण्यासाठी लिहिते आहे. माझा सगळा मनस्ताप त्या दोन-चार रुपयांच्या प्लॅस्टिकच्या पाकिटाने केला.

हाच रुपया का घेतला ते आधी सांगते. सराफाकडे लक्ष्मी-गणपतीचं दहा ग्रॅमचं नाणं सहज मिळतं. शुद्ध असतं, पण त्यावर घडणावळ आणि 3 टक्के जीएसटी द्यायचा, आणि मोडायला गेलं की हातात फक्त चांदीचा भाव येतो. शिवाय अशी नाणी भाचीच्या घरी बारशापासूनची पडून आहेत. सरकारी टांकसाळीची स्मारक नाणी दिसायला देखणी. 35 ग्रॅम वजन, 44 मिलिमीटर व्यास, हातात घेतलं की भरल्यासारखं वाटतं. पण आजवरच्या बहुतेकांच्या मिश्रणात चांदी निम्मीच. बाकी 40 टक्के तांबं, उरलेलं निकेल आणि जस्त. किंमत मात्र धातूच्या हिशोबात बसत नाही. मला ते पटलं नाही. व्हिक्टोरियाचा राणीछाप रुपया परवडतो, 11.66 ग्रॅमचा, 91.7 टक्के चांदीचा, पण राणीचा आणि माझ्या भाचीच्या पदवीचा संबंध काय?

सयाजीरावांचा संबंध थेट आहे. तिच्या पदवीच्या कागदावर त्यांचंच नाव छापलंय. बडोदा कॉलेज 1881 चं, महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 चं. ज्या राजाने 1906 साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याच्या नाण्याइतकी शोभणारी पदवीची भेट मला बडोद्यात दुसरी सुचत नाही. आमच्या दांडिया बाजारातल्या कितीतरी मराठी घरांत शिकलेली पहिली पिढी त्याच शाळांतून निघाली.

नाणं शहरातल्या एका प्रदर्शनात घेतलं. एका बाजूला पगडी घातलेले महाराज, भोवती देवनागरीत नाव. दुसऱ्या बाजूला पानांच्या माळेत ‘एक रुपया’, तलवार आणि विक्रम संवताचं साल. संवतातून 57 वजा केले की साधारण इसवी सन निघतो. आमच्या नाण्यावर 1951 आहे, म्हणजे 1894 किंवा 95. घरी येऊन चहा-साखरेच्या काट्यावर नव्हे, सोनाराच्या काट्यावर तोलून घेतलं. लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. भिंगातून कडा तपासली. ओतीव नकलांच्या कडेला सांधा दिसतो, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात. इथे तसं काही नव्हतं. झिजलेलं होतं, पण पगडीच्या घड्या मोजता येत होत्या. चांदीवर तो जुन्या दागिन्यांचा मऊ करडा रंग चढलेला. भाचीने बघितल्या बघितल्या विचारलं, “आत्या, हा खरा चालला होता बाजारात?” चालला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बडोद्याचं स्वतःचं ‘बाबाशाही’ चलन बंद होऊन ब्रिटिश रुपया आला, तोपर्यंत.

इथवर मी या खरेदीला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

ऐन पावसाळ्यात तिने फोटो पाठवला. महाराजांच्या गालावर आणि मागच्या पानांच्या खोबणीत हिरवट, तेलकट थर. बोट लावलं तर चिकटत होतं. मी लगेच विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, “बेन, चांदी छे ने, काळी तो थवानीज.” चांदी काळी पडते हे मलाही कळतं. हवेतल्या गंधकाशी तिचं सल्फाइड होतं, त्याला कुणी दोष देत नाही. पण काळं वेगळं आणि हिरवं, चिकट वेगळं. मी फोटो पाठवले, तर दोन दिवस उत्तर नाही. मग म्हणाला, परत आणा, निम्म्या किमतीत घेतो. निम्म्या! त्याच्याच पाकिटात ठेवलेलं नाणं. मला ते बोलणं फार लागलं. पैशापेक्षाही, आपण विचार करून निवडलेली वस्तू कुणीतरी “असंच असतं” म्हणून झटकून टाकतो, ते.

उलगडा भाचीने केला, आणि हा सगळ्या प्रकरणातला आनंदाचा भाग. तिचा विषय रसायनशास्त्र. ती म्हणाली, “आत्या, नाण्याला नाव ठेवू नकोस, पाकिटाचा वास घे.” नव्या रेनकोटला येतो तसा वास. मऊ, लवचिक पाकिटं बहुतेक पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकची असतात. ती मऊ राहावीत म्हणून त्यात तेलासारखे पदार्थ घालतात. काळ जाईल तसे ते झिरपतात आणि प्लॅस्टिक विघटन पावताना हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. उष्णता आणि दमटपणा असला की हे लवकर होतं, आणि बडोद्याच्या जुलैत दोन्ही भरपूर. नाण्याच्या चांदीत थोडं तांबं मिसळलेलं असतंच, त्याच्याशी आम्लाची गाठ पडली की हिरवा रंग.

नुसतं सांगून ती थांबली नाही. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, पाकिटाच्या कोपऱ्याला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. म्हणजे प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन आहे. (करायचं असेल तर इवलासा तुकडा घ्या, खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका.) तो व्हिडिओ मी विक्रेत्याला पाठवला. त्याने बघितला, उत्तर दिलं नाही. इतकी महागडी वस्तू विकणाऱ्या माणसाला नाण्याच्या मापाची कडक अॅक्रिलिकची कॅप्सूल परवडू नये? ती एका सेव-उसळीच्या पैशात येते. कॅप्सूल नको तर मायलरचं, म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचं पाकीट द्या; तेही नाण्याला काही करत नाही. त्यानंतरच्या एका प्रदर्शनात मी फिरून बघितलं, टेबलामागून टेबल तीच मऊ, चकचकीत पाकिटं, आत शंभर-सव्वाशे वर्षांची नाणी. त्यावर ‘अस्सल’ म्हणून चिठ्ठ्या. मला याचा मनापासून संताप येतो.

सफाईही भाचीनेच केली. शुद्ध अॅसिटोन, काचेच्या वाटीत, नाणं बुडवून ठेवलं. नखांचं पॉलिश काढायचं द्रव नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतात. गॅसपासून दूर, खेळत्या हवेत. घासायचं अजिबात नाही. द्रव बदलून पुन्हा बुडवलं, मग नुसतं कोरडं होऊ दिलं. हिरवा थर निघून गेला. अॅसिटोन धातूला धक्का लावत नाही, त्यामुळे जुना करडा रंग तसाच राहिला. गालावर एक बारीक खरबरीत डाग उरलाय, आम्लाने खाल्लेला. तो आता जायचा नाही. वेळेवर काढलं नसतं तर असे बरेच झाले असते.

घरच्यांचीही काळजी घ्यावी लागते. दिवाळीत वहिनी म्हणाली, “ताई, लक्ष्मीपूजनाला यंदा हेच ठेवूया ना, महाराजांचं आहे.” भावना अगदी खरी, पण नंतर पंचामृत, हळद-कुंकू, आणि मग ते काढायला रांगोळी नाहीतर टूथपेस्ट. एका घासण्यात पगडीच्या घड्या जातात आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमतही. मी वहिनीला सराफाचं दहा ग्रॅमचं नाणं पूजेसाठी आणून दिलं. तिला ते आवडलं, आणि महाराज कॅप्सूलमध्ये सुखरूप राहिले. पुठ्ठ्याच्या किंवा मखमली डबीतही ठेवू नका. काही कापडांतून आणि पुठ्ठ्यांतून गंधकाचे वायू सुटतात.

आणखी एका गोष्टीने माझं मत बदललं. भाची पुढच्या वर्षी एम.एस्सी.साठी जर्मनीला जायचं म्हणते. नाणं सोबत नेण्याची तिची इच्छा होती. ते शक्य नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष, म्हणजे प्राचीन वस्तू धरलं जातं, आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. घेताना विक्रेत्याने याबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणून आता मी म्हणेन: मूल इथेच राहणार असेल तर सयाजीरावांच्या रुपयाला तोड नाही, परदेशी जाणार असेल तर शंभरीच्या आतलं घ्या. 1938 चा सहाव्या जॉर्जचा रुपया 91.7 टक्के चांदीचा आहे आणि अजून शंभरीत नाही. 1939 च्या वाटेला जाऊ नका, दुर्मिळ म्हणून त्याच्या नकला फार. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा रुपया तर निकेलचा. नाहीतर 1969 चा गांधी शताब्दीचा दहा रुपये: 15 ग्रॅम, 80 टक्के चांदी, 34 मिलिमीटर, आणि खिशाला सोसणारा.

धाकट्या भाच्याचं इंजिनिअरिंग संपेल तेव्हा मी गांधींचाच घेणार आहे, आणि कॅप्सूल आधी. तिची मापं मिलिमीटरमध्ये येतात. नाण्याचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजून घ्या, कारण सैल बसलं तर नाणं आत खुळखुळतं आणि कडा झिजतात, आणि घट्ट बसलं तर काढताना बोटांचे ठसे उमटतात. मापाची मिळाली नाही तर एक मिलिमीटर मोठी घेऊन आत फोमची कडी घाला, पण ती कडीही पीव्हीसीची नाही ना, ते विचारून.