नव्या म्हणून विकलेल्या माझ्याच गाडीच्या स्प्रिंगा

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका दुकानदाराने नव्या लोअरिंग स्प्रिंगा (गाडीची उंची कमी करणाऱ्या आखूड स्प्रिंगा) म्हणून माझ्याकडून २२,००० रुपये घेतले आणि प्रत्यक्षात माझ्याच गाडीच्या मूळ स्प्रिंगा कापून, त्यांना लाल रंग मारून पुन्हा बसवल्या. ऐरोलीहून घोडबंदर रोडला रोज जाणारी ही साधी हॅचबॅक आहे. वळणावर ती कमी झुकावी, चाक आणि मडगार्ड यांमधली जास्तीची पोकळी कमी व्हावी आणि मागे बसणाऱ्या आईवडिलांना हादरे बसू नयेत, एवढीच माझी मागणी होती. ठाणे आणि नवी मुंबईत असे काम करून घेणाऱ्या आणखी कोणाची अशी लूट होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दुकानात खोक्यातून काढून दाखवलेल्या स्प्रिंगा खरोखरच नव्या होत्या. त्यांच्यावर पार्ट नंबर छापलेला होता आणि टोके कारखान्यात वळवलेली होती. मात्र गाडी दुकानामागच्या शेडमध्ये नेली गेली, तिथे ग्राहकाने थांबायचे नाही असे सांगण्यात आले आणि संध्याकाळी गाडी हातात मिळाली. जुन्या स्प्रिंगा मागितल्यावर उत्तर आले, "साहेब, त्या सकाळीच भंगारवाला घेऊन गेला." या फसवणुकीचा सगळा डाव याच एका वाक्यावर उभा आहे, कारण परत द्यायला जुन्या स्प्रिंगा उरलेल्याच नसतात. त्या गाडीतच असतात.

थोड्याच दिवसांत प्रत्येक गतिरोधकावर मागून धाडकन आवाज येऊ लागला आणि स्टिअरिंग पूर्ण वळवले की पुढून खटका ऐकू येऊ लागला. "नवीन माल आहे, बसायला वेळ लागतो," असे दुकानदार सांगत राहिला. शेवटी माजिवड्याजवळच्या एका अलाइनमेंटवाल्या काकांनी गाडी रॅम्पवर उचलली. चाके खाली लोंबताच मागची स्प्रिंग सैल पडली आणि काकांनी ती हातानेच गोल फिरवून दाखवली. तिच्या एका टोकाला ग्राइंडरने कापल्याची सपाट, चकचकीत खूण होती आणि कडेला रंगाचे ओघळ सुकलेले होते. त्यांनी फडक्याला थिनर लावून मधला एक वेढा पुसला, तेव्हा लाल रंगाखालून पांढरा आणि पिवळा असे दोन पट्टे वर आले. स्प्रिंगांचा प्रकार ओळखता यावा म्हणून मूळ उत्पादक असे पट्टे मारतात. काका म्हणाले, "साहेब, ही तुमचीच स्प्रिंग आहे." गाडी घेतली तेव्हाच्या एका फोटोत तेच पट्टे दिसतात, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

कापलेल्या स्प्रिंगेने केवळ पैसे बुडत नाहीत, म्हणून मला याचा अधिक संताप येतो. स्प्रिंगेचे टोक तिच्या बैठकीत नेमके बसावे अशा बेताने वळवलेले असते. ते कापले की ती बैठकीवर तिरकी टेकते आणि चाक खोल खड्ड्यात गेल्यावर जागेवरून सरकू शकते. गॅसने कापली असेल तर उष्णतेने तिथल्या पोलादाचे पाणीच उतरते. वेढे कमी झाल्यामुळे उरलेली स्प्रिंग ताठ होते हे खरे, परंतु चाकाला वर यायला उरलेली जागा त्याहून अधिक घटते, आणि मग गाडी स्प्रिंगेवर न तोलता बंप स्टॉपवर, म्हणजे चाक फार वर येऊ नये म्हणून बसवलेल्या रबरी ठोकळ्यावर, आदळत राहते. मागच्या सीटवर वडिलांच्या कंबरेला बसणारे ते हादरे याच आदळण्याचे होते.

रोजच्या गाडीसाठी उंचीत ३० मिलिमीटरपर्यंतची घट पुरे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर धरलेली आहे, पण आपल्या सोसायट्यांच्या दारातले अनेक उंचवटे त्याहून उंच आणि उभट असतात. हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांमधले अंतर, साधारण १६० ते १७० मिलिमीटर असतो आणि चार माणसे बसली की तो आणखी कमी होतो. स्प्रिंग तुमच्याच मॉडेलसाठी आणि इंजिनासाठी बनवलेली असावी, कारण डिझेल गाडीचे नाक जड असते. शॉकअप थकलेले असतील तर नव्या स्प्रिंगांबरोबरच तेही बदलावेत, नाहीतर ताठ स्प्रिंगेची उसळी त्यांना आवरत नाही आणि गाडी झुलत राहते. सोबत आखूड बंप स्टॉप आणि काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट हवेच, अन्यथा टायर आतल्या बाजूने झिजतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील बदलांविषयी आहे, ते वाचून आणि विमा कंपनीला विचारूनच पुढे जावे.

गाडी देण्यापूर्वी तिच्या मूळ स्प्रिंगांचे फोटो काढा, जुने सुटे भाग परत मिळतील असे बिलाच्या मसुद्यावर लिहून घ्या आणि काम डोळ्यांसमोर होणार नसेल तर गाडी तिथे सोडू नका. माझ्या बिलावर फक्त "सस्पेन्शन काम" एवढेच लिहिलेले होते. पार्ट नंबर नव्हता आणि जीएसटी क्रमांकही नव्हता. महाराष्ट्रातला हा क्रमांक २७ ने सुरू होतो, पंधरा अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद, रॅम्पवरचे फोटो आणि काकांनी लेटरहेडवर लिहून दिलेला तपासणीचा अभिप्राय तिला जोडला आहे. दुकानदाराने अर्धी रक्कम परत देऊन विषय मिटवण्याची तयारी दाखवली, ती मी नाकारली. कापलेल्या चारही स्प्रिंगा पुरावा म्हणून मी जपून ठेवल्या आहेत, आणि पूर्ण पैसे परत मिळाले नाहीत तर त्या घेऊन मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.